डावललेली बाजू

कारखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. लोखंडी जिने करणारा तो कारखाना, आणि तिथला प्रत्येक जिना लोखंडात उतरण्याआधी यांच्या कॉम्प्युटरवर उभा राहायचा, म्हणून ते जिनेवाले. मालकसुद्धा फोनवर गिऱ्हाइकाला सांगायचे, "थांबा, आमच्या जिनेवाल्यांना विचारतो." त्यांची बायको त्याच ऑफिसात, शेजारच्या टेबलावर, कठडे आणि खिडक्यांच्या जाळ्यांची ड्रॉइंग करायची. लग्नाआधी ती तिथे शिकाऊ म्हणून आली तेव्हा पहिला धडा त्यांनीच दिला होता. तिने काढलेला कठडा समोरून अगदी ओळंब्यात दिसत होता. त्यांनी माऊसचं चाक दाबून धरलं, चित्र हळूच फिरवलं, आणि ती बघते तर निम्मे गज पुढे आलेले, निम्मे मागे राहिलेले, सगळे हवेत लोंबकळत.

"समोरून सगळेच शहाणे दिसतात," ते म्हणाले होते. "फिरवून बघत जा. चित्र आपल्या जागी असतं. फिरतो तो आपला डोळा."

पुढे लग्न झालं, संसार झाला, तरी दोघांची टेबलं तशीच शेजारी राहिली. जिना काढणं म्हणजे जिनेवाल्यांच्या डाव्या हातचा मळ. गिऱ्हाइकाचं बोलणं संपेपर्यंत यांच्या पडद्यावर पायऱ्या चढू लागलेल्या असायच्या.

आणि एका सकाळी दात घासता घासता त्यांना झटका आला. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी. दवाखान्यात डावा हात, डावा पाय लुळा पडला होता, पण तो हळूहळू वळवळायला लागला, मग उचलला जायला लागला, आणि घरी आले तेव्हा ते काठीशिवाय चालत होते. जीभ तर मुळीच अडखळली नव्हती. डॉक्टरांनी पाय उचला म्हटल्यावर "कुणाचा?" असं विचारून त्यांनी नर्सला हसवलं होतं. भेटायला आलेले सगळे एकच म्हणाले, जिवावरचं शेपटावर निभावलं.

मदतीला त्यांची थोरली बहीण येऊन राहिली होती. जेवताना पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं. जिनेवाल्यांनी ताटातला उजवीकडचा भात संपवला, हात थांबवला आणि म्हणाले, "आज भाजी केली नाही का?"

भाजी ताटात डावीकडे होती, जशीच्या तशी. बायकोने ताट फिरवलं. "ही काय, आहे की," ते म्हणाले आणि भाजी खाऊ लागले. तिला वाटलं, थकलेत. दुसऱ्या दिवशी दाढी करून बाहेर आले तर उजवा गाल गुळगुळीत आणि डावा पांढऱ्या खुंटांनी भरलेला. सदऱ्याची एक बाही घातलेली, दुसरी पाठीमागे लोंबत. बहीण त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसली होती. तिने हाक मारली तर हे उजवीकडे, दाराकडे बघायला लागले.

"ताई बाहेर आहे का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी काय भिंत आहे का रे?" बहीण म्हणाली, आणि ते पुन्हा दाराकडेच बघत राहिले.

व्यायाम करून घ्यायला घरी एक थेरपिस्ट बाई येत. त्यांनी जिनेवाल्यांना एक आडवी रेघ दाखवून तिच्या बरोब्बर मध्यावर खूण करायला सांगितली. आयुष्यभर मापं काढलेल्या माणसाने खूण केली ती पार उजव्या टोकाजवळ. मग बाईंनी बायकोला आणि बहिणीला स्वयंपाकघरात बोलावून समजावलं.

"डोळे उत्तम आहेत त्यांचे. पण मेंदूने डावी बाजू सोडून दिली आहे. त्यांना ती दिसत नाही असं नाही. त्यांच्या लेखी ती नाहीच. आणि जे नाहीच, ते दिसत नाही अशी तक्रार माणूस कशी करेल?"

"म्हणजे डावललं म्हणायचं मला," बहीण म्हणाली. एरवी तिच्या बोलण्यावर घर हसायचं. त्या दिवशी तिचं तिलाच हसू आलं नाही.

"बरं होतं ना पण हे?" बायकोने विचारलं.

"काहींचं होतं. थोडंफार. घाई करू नका."

घाई करू नका म्हटलं की माणसाला घाईच होते. तिने ऑफिसातून लॅपटॉप मागून आणला. खाणंपिणं, दाढी ही शिकवलेली कामं, तिने मनाशी म्हटलं. जिने त्यांच्या हाडात आहेत, ते कसे विसरतील? जिनेवाले आनंदाने लॅपटॉपसमोर बसले आणि लगेच चिडले. "यातली हत्यारं कुणी काढून टाकली?" सगळी हत्यारं पडद्याच्या डाव्या कडेला ओळीने होती. तिने ती उचलून उजव्या कडेला नेऊन बसवली. मग मात्र हात चालायला लागला, आणि तो तसाच चालला जसा पूर्वी चालायचा. पायरीवर पायरी चढत गेली. पायऱ्यांना धरणारी उजवीकडची लोखंडी पट्टी आली, तिच्यावर कठडा आला, कठड्याचे गज आले, प्रत्येक बोल्ट जागच्या जागी. ती मागे उभी राहून बघत होती आणि तिचा जीव भांड्यात पडत होता.

"झालं," ते म्हणाले.

डावीकडे काहीच नव्हतं. पट्टी नाही, कठडा नाही. पायऱ्या त्या बाजूला हवेत संपत होत्या.

केवळ हाताच्या सवयीने तिने माऊस घेतला, चाक दाबलं आणि जिना फिरवत नेला, पार मागच्या बाजूने दिसेपर्यंत. आता मोकळी बाजू उजवीकडे आली. जिनेवाले एकदम पुढे वाकले.

"हे काय? इकडचा कठडा कुठे आहे? कुणी काढलाय हा जिना?"

"असाच आलाय," ती म्हणाली. "तुम्ही पुरा करा ना."

त्यांनी च् च् केलं, माऊस तिच्या हातातून घेतला आणि राहिलेली बाजू पुरी केली. नीट, सुबक, एक गज इकडचा तिकडे नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून पोटभर रडली. मग बाहेर येऊन नणंदेला सांगितलं, "ताई, वाट सापडली."

पुढच्या खेपेला तिने थेरपिस्ट बाईंनाही सगळं करून दाखवलं. बाईंनी लक्ष देऊन पाहिलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बाजूंची नावं लिहिलेला एक लहानसा ठोकळा असतो, तो ओढला की चित्र फिरतं. त्यांनी तो स्वतः ओढून बघितला. मग हलकेच म्हणाल्या, "छान आहे. पण चित्र तुम्ही फिरवताय. ते स्वतः फिरत नाहीयेत. फिरवावं असं त्यांच्या मनात यायला हवं."

"येईल," ती म्हणाली. "मला त्यांनीच शिकवलंय फिरवायला."

काही आठवड्यांनी जिनेवाले पुन्हा कामावर जायला लागले. मालक दारापर्यंत सामोरे आले, खाली कारखान्यातली माणसं हात पुसत वर येऊन भेटून गेली. मालकांना तिने सगळं खरं सांगितलं होतं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही शेजारी आहात तोवर मला काळजी नाही." तिने टेबल त्यांच्या उजव्या हाताला घेतलं. ते अर्धा जिना काढायचे, ती फिरवायची, ते कपाळाला आठ्या घालून उरलेला अर्धा काढायचे. एका घराचा माळ्यावर जाणारा छोटा जिना असा तयार झाला आणि जाऊन बसलासुद्धा. त्या संध्याकाळी दोघं चालत घरी आली. ती त्यांच्या उजव्या बाजूने चालत होती, आणि ते वाटेत दिसेल त्या इमारतीच्या जिन्याला नावं ठेवत होते. किती दिवसांनी तिला रस्ता रस्त्यासारखा वाटला.

मग ते गप्प होत गेले. जिना फिरला की मान झटकायचे, राहिलेली बाजू दातओठ खाऊन काढायचे. तिला वाटलं, स्वतःची चूक बघून वाईट वाटत असेल. एका दुपारी तिने माऊसकडे हात नेला तेव्हा त्यांनी तो वरच्यावर धरला.

"आता हे बंद कर."

"काय बंद करू?"

"फिरवणं. मी जिना पुरा करतो. तू फिरवतेस आणि त्यातला अर्धा जातो. रोज. घरातली गोष्ट चारचौघांत नको म्हणून मी बोललो नाही."

आवाज चढलेला नव्हता, पण ऑफिसातल्या बाकीच्या कीबोर्डांची टकटक थांबली.

"अहो, मी कशाला काही पुसू? तिथे काढलेलंच नसतं."

"काढलेलं नसतं? मी काढतो तेव्हा तू इथेच बसलेली असतेस ना?"

"असते."

"मग? माझ्या हाताखाली पुरा असतो आणि तुझ्या हाताखाली अर्धा होतो. पोरासोरालाही कळेल." त्यांनी तिचा हात सोडला. "तुला माझी खुर्ची हवी असेल तर सरळ माग. मी देईन. पण असं नको."

ती पाणी प्यायला म्हणून उठली आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. राग यायला हवा होता, पण येईना. कारण त्यांच्या जागी बसून बघितलं तर ते म्हणत होते त्यात खोट कुठे होती? ते काम संपवतात, बायको चित्राला हात लावते, आणि अर्धं काम नाहीसं होतं. एकदा नाही, रोज. कुठल्याही शहाण्या माणसाने हाच अर्थ काढला असता. त्यांची अक्कल जशीच्या तशी शाबूत होती, आणि त्या शाबूत अकलेनेच ती चोर ठरत होती.

त्यानंतर तिने त्यांच्यासमोर चित्र फिरवलं नाही. ते जेवायला उठले की ती पटकन त्यांच्या मशीनवर बसायची आणि राहिलेली बाजू पुरी करून ठेवायची. परत येऊन ते बघायचे, काहीच बदललेलं नसायचं. पुरा जिना त्यांना आधीही पुराच दिसत होता. ते पुन्हा थट्टामस्करी करू लागले. "बघ," एकदा म्हणालेसुद्धा, "तू हात लावत नाहीस तर कसं सुरळीत चाललंय." ती हो म्हणाली. घरी बहीण विचारायची, कसं चाललंय, तेव्हाही ती हेच सांगायची, सुरळीत. स्वतःचं काम अंगावर साचत होतं ते ती रोज थोडं थोडं घरी आणायची.

असं किती दिवस निभणार? एका इमारतीत खिडक्यांची मापं घ्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मालकांनी तिला पाठवलं. तिने बजावलं होतं, आजचं काम मी आल्यावरच खाली द्या. जिनेवाले मानेने हो म्हणाले, आणि काम संपल्यावर इतकी वर्षं जे करत आले तेच त्यांनी केलं. ड्रॉइंग सरळ खाली कारखान्यात पाठवून दिलं. घाईचं काम होतं. मालक बाहेर गेलेले. जिनेवाल्यांकडून आलेल्या कागदाबद्दल उलटून विचारायची तिथे कुणाला सवय नव्हती. माणसांनी यादीप्रमाणे लोखंड कापलं, भोकं पाडली, जोडायला घेतलं.

ती परत आली तेव्हा खाली सगळे गोल करून उभे होते. मधोमध जिना उभा केला होता, दोन साखळ्यांनी वरून धरलेला. एका बाजूला पट्टी, कठडा, गज, सगळं चोख. दुसऱ्या बाजूला पायऱ्यांची उघडी टोकं. कुणीतरी आधी हसलं असावं, कारण एकदोघांच्या तोंडावर अजून हसू थिजलेलं होतं. मालक आलेले होते. त्यांनी जिनेवाल्यांना खाली बोलावलं होतं, आणि ते जिन्यासमोर उभे राहून मान वाकडी करून बघत होते.

"छान उतरलाय," ते म्हणाले. "रंग कुठला देताय?"

मालकांनी घसा खाकरला. मग वेल्डिंग करणारा म्हातारा पुढे झाला. बरीच वर्षं तो यांचेच जिने जोडत होता. त्याने जिनेवाल्यांचा कोपर हातात घेतला आणि त्यांना जिन्याला वळसा घालून पलीकडे नेलं. आंधळ्याला रस्ता ओलांडून न्यावं तसं. पलीकडून ती उघडी बाजू त्यांच्या उजव्या हाताला आली.

जिनेवाले बघत राहिले. त्यांनी हात लांब करून एका पायरीचं मोकळं टोक चाचपलं, मग खालचं, मग त्याच्या खालचं. लोखंड होतं, पडदा नव्हता. तिला वाटलं, आता कळेल. देवा, आता तरी कळू दे.

त्यांनी मान वर केली. ती समोरच उभी होती, मापाच्या टेपसकट. ते हळू आवाजात, जवळजवळ मायेने म्हणाले, "इथेसुद्धा?"

तिने टेप पिशवीत टाकली, त्यांचा हात धरला आणि त्यांना घरी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी तिला केबिनमध्ये बसवलं. भला माणूस. टेबलावरची पेनं सारखी करत बसले.

"वहिनी, तुम्हीच सांगा मी काय करू."

"काही नका करू," ती म्हणाली. "ते येणार नाहीत आता."

"आणि जिने?"

तिला ठाऊक होतं ते काय विचारतायत. जिने काढू शकणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं, आणि घर चालायचं तर तिला नोकरी सोडून चालणार नव्हतं. "मी काढीन," ती म्हणाली. शिपायाने जिनेवाल्यांची मशीन तिच्या टेबलावर आणू का, असं विचारलं. ती म्हणाली, "नको, मी तिकडे बसते." तारा ओढत बसण्यात अर्थ नव्हता.

घरी तिने ही गोष्ट लपवली नाही. लपवाछपवीने काय झालं ते तिने बघितलं होतं. जिनेवाले ऐकून घेत होते. शेवटी फक्त म्हणाले, "बरं झालं. खुर्ची घरातल्या घरात राहिली." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं.

थेरपिस्ट बाईंनी पुन्हा ती रेघ ठेवली. खूण तिथेच, उजव्या टोकाशी. निघताना चपला घालताना बाई म्हणाल्या, "इथून पुढे फार फरक पडेल असं मला वाटत नाही. तुम्हाला खोटी आशा नको." तिने मान हलवली. आशा खोटी असो की खरी, ठेवायला जागा उरली नव्हती.

बहीण अजून तिथेच होती. तिने भावाच्या डाव्या बाजूची खुर्ची कधीच सोडून दिली होती. दिवसभर त्यांच्या उजव्या अंगाला बसून ती जुन्या गोष्टी काढायची, आणि ते हसायचेही. लॅपटॉप तिने एकदा पुढे केला तर त्यांनी तो हाताने बाजूला सारला. जिन्यांचा विषय निघाला की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. जाताना दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटायचा, आणि ते चौकटीलाच दोन शब्द सुनवायचे.

सुट्टीच्या एका दुपारी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. बहीण जरा आडवी झाली होती. जिनेवाले खिडकीशी बसले होते. ते अचानक म्हणाले, "समज, तू म्हणतेस ते खरं."

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला.

"समज, डावीकडे काहीतरी असतं आणि मला ते नसतं. मग आत्ता या खोलीत तिकडे काय आहे?"

ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि सांगू लागली. भिंत आहे. भिंतीला कपाट आहे, त्याचं एक दार नीट लागत नाही. कपाटाशेजारी पलंग, त्यावर ताई झोपल्यात, तोंडावर पदर घेऊन. पलंगाखाली तुमची बॅग. ते मन लावून ऐकत होते, कुणी दूरदेशी जाऊन आलेला माणूस तिथली हकिगत सांगतो तशी.

"आणि हे सगळं मी मानायचं."

"हो."

"बघितल्याशिवाय."

"मी तुमचं तोंड तिकडे फिरवलं तर दिसेल."

"तोंड फिरवलं की ते उजवीकडे येतं," ते म्हणाले. "मग ते असतंच. मी विचारतोय, नसतं तेव्हाचं. ते कुणाच्या शब्दावर मानायचं?"

"माझ्या," ती म्हणाली.

ते तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, संशयही नव्हता. अवघड हिशेब पुन्हा एकदा तपासून बघणाऱ्या माणसासारखे ते दिसत होते. तिला त्यांचा तो चेहरा फार जुना, फार ओळखीचा होता.

"तुझ्याच?" ते म्हणाले. मग मान हलवली. "नाही जमायचं गं मला."

तिने उठून राहिलेले कपडे घडी करून कपाटात ठेवले. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. रोज सकाळी ती डबा भरून निघते, "येते हं," म्हणते, आणि ते हात वर करतात. कारखान्यात लोक तिला अजून वहिनीच म्हणतात. परवा एका गिऱ्हाइकाला फोनवर मालक सांगत होते, "थांबा, आमच्या जिनेवाल्या बाईंना विचारतो." ती ऐकत होती. तिने मान वर केली नाही, काम करत राहिली.